डावरीची गाठ

क्लबाच्या मोठ्या हॉलमध्ये एक लाकडी बोर्ड आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदाची वर्षं एकाखाली एक, आणि प्रत्येक वर्षापुढे जिंकलेल्या बाईचं नाव सोनेरी अक्षरांत. एका वर्षापुढे मात्र नुसती रेघ आहे. नवे मेंबर विचारतात, त्या वर्षी काय लढाई होती का? जुने मेंबर घसा खाकरतात आणि म्हणतात, हो, असंच काहीतरी होतं.

काही नव्हतं. त्या वर्षी लख्ख ऊन होतं, तिकिटं संपली होती, फायनल रीतसर झाली होती आणि डावरी जिंकली होती.

डावरी म्हणजे क्लबाच्या गटिंगवाल्याची मुलगी. रॅकेटच्या रिकाम्या फ्रेममध्ये तांत ओढून जाळी विणायची, ते गटिंग. त्या काळात तांत मेंढीच्या आतड्याची असायची. हवा जरा सर्द झाली की ढिली पडायची, फार सुकली की तुटायची. म्हणजे बाप बारा महिने कामात. त्याची खोली प्रेक्षकांच्या गॅलरीखाली होती, चार पायऱ्या उतरून. छत इतकं खाली की बापाला आयुष्यभर मान वाकवायची सवय लागली, रस्त्यावरसुद्धा तो तसाच चालायचा. खोलीला दोन खिडक्या. एक कोर्टाकडे, एक कपडे बदलायच्या खोल्यांच्या बोळाकडे. दोन्ही जमिनीच्या पातळीला. त्यामुळे आतून बघितलं की माणसं फक्त गुडघ्यापर्यंत दिसायची. बूट, मोजे, पोटऱ्या, संपलं.

आई दवाखान्यात आयाचं काम करायची. सकाळी जाताना पोरीला बापाकडे सोडायची. पोर खोक्यावर उभी राहून दिवसभर खिडकीतून बूट बघायची. कोर्टावरचा चेंडू तिला क्वचित दिसायचा, पण तो कुठे जाणार ते बुटांवरून आधी कळायचं. टाच उचलली की आडवा जाणार. टोक बाहेर वळलं की सरळ रेषेत. खेळाडूंची तोंडं तिनं नवव्या वर्षी वर जाऊन पहिल्यांदा नीट पाहिली, आणि आईला म्हणाली की यांचे पाय यांच्यापेक्षा हुशार आहेत.

दुसऱ्या खिडकीतून वेगळं दिसायचं. बोळात एक मांडणी होती, तिथे खेळाडू रस्त्यावरचे बूट काढून ठेवायचे आणि पांढरे बूट घालून आत जायचे. ते गेले की तपकिरी, चकचकीत, करकर वाजणारे बूट यायचे. ते सेक्रेटरींचे. बूट थांबायचे. मग वरून एक हात खाली यायचा, हातात पाकीट, आणि ते पाकीट कुणाच्या तरी बुटात आत सारलं जायचं. बहुतेक वेळा साहेबजाद्याच्या. साहेबजादा म्हणजे पुरुषांचा चॅम्पियन, सगळ्यांचा लाडका, याच नावानं सगळे त्याला ओळखायचे. पोरीनं बापाला विचारलं, बुटात काय घालतात? बापानं हातातलं काम थांबवलं. तो कधी काम थांबवायचा नाही.

"खिडकीतून दिसलं ते खिडकीतच ठेवायचं," तो म्हणाला. "आपण खाली बसतो, म्हणून आपल्याला दिसतं. वरच्यांना वाटतं खाली कुणी नाहीच."

आणि दरवर्षी बक्षीस समारंभाला हेच सेक्रेटरी कोटाला गुलाब लावून एकच भाषण करायचे. आपला खेळ हौशी माणसांचा. पैशासाठी खेळतो तो खेळाडू कसला. हौसेला मोल नसतं. टाळ्या. हौसेला मोल नसेल, बुटात जागा मात्र असायची. पण नाकानं कांदे सोलणाऱ्याला कोण विचारणार?

पोर खेळायला लागली ती एका मेंबराच्या मोडक्या रॅकेटवर. बापानं दांडा कापून छोटा केला, तांत ओढून दिली. मागच्या भिंतीवर ती तासन्‌तास मारत बसायची. डाव्या हातानं. आईनं दोनचारदा रॅकेट उजव्या हातात देऊन पाहिली, मग कंटाळून सोडून दिलं. नाव डावरीच पडलं. मग मेंबरबायकांच्या डबल्सला चौथी आली नाही की हाक यायची, अहो, तुमच्या पोरीला पाठवा जरा. बाप सांगायचा, खेळायला बोलावलंय, जिंकायला नाही. ती मान डोलवायची, वर जायची आणि जिंकून यायची. तिला हरता येत नव्हतं असं नाही. मुद्दाम हरता येत नव्हतं.

सोळाव्या वर्षी तिनं मुलींची स्पर्धा जिंकली. एकोणीस ते तेवीस या वयात गावोगावच्या चौदा स्पर्धा जिंकल्या. पेपरात फोटो यायचे, फोटोखाली नाव यायचं, आणि नावापुढे कंसात ‘गटिंगवाल्याची कन्या’ यायचं. बँकवाल्याच्या कन्येपुढे बँक कधी आली नाही. बाहेरगावी गेलं की खेळाडूंना तिथल्या बड्या मेंबरांच्या बंगल्यांत उतरवायचे. डावरीला त्याच बंगल्यांत उतरवायचे, फक्त मागच्या बाजूला, स्वयंपाकिणीच्या खोलीत. एका गावी तर यजमानीणबाईंनी रात्रीच्या जेवणानंतर तिच्याकडे दोन रॅकेटी आणून दिल्या, जरा बघतेस का म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं त्या बाईंच्या मुलीला अर्ध्या तासात घरी पाठवलं. रॅकेटी मात्र नीट करून दिल्या होत्या. ते तिला वाईट करता येत नव्हतं.

एक माणूस तिला जड जायचं, ती बगळी. उंच, लांब पायांची, एक एक पाय उचलून ठेवल्यासारखी चालणारी. क्लबाच्या अध्यक्षांची भाची. दोन वर्षं लागोपाठ डावरी राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला गेली आणि दोन्ही वर्षं बगळीनं तिला हरवलं. बगळी चांगलीच खेळायची, त्यात शंका नाही. पण डावरी हरायची ती वर बघितल्यामुळे. फायनलला गॅलरी भरलेली, टोप्या, चष्मे, अध्यक्षांची खुर्ची, आणि तिची नजर सारखी तिकडे जायची. पाय बघायचे राहून जायचे.

बापाला तिनं वचन दिलं होतं की नाव बोर्डावर लागेल. बापानं मागितलं नव्हतं. पण दर वर्षी रंगारी नवं नाव लिहायला आला की बाप काहीतरी निमित्त काढून हॉलमध्ये जायचा आणि ओली अक्षरं बघून यायचा. ते तिला माहीत होतं. म्हणून तिला ते हवं होतं. कप नको, फोटो नको, बोर्डावरची ती एक ओळ हवी होती.

याच दोन वर्षांत बापाचा उजवा अंगठा सुजायला लागला. चाळीस वर्षं तांत ओढून सांधाच धरला. खुंटी ठोकायला, तांत खेचायला अंगठा लागतोच. क्लबाला कळलं तर दुसरा माणूस ठेवतील, म्हणून घरात कुणी बोललं नाही. अर्धं काम डावरीनं अंगावर घेतलं. पगार बापाचाच, नाव बापाचंच, तिनं त्यातली पै हातात घेतली नाही. जाळीला ताण तर बापासारखाच यायचा. एक गोष्ट मात्र लपत नव्हती. जाळी पूर्ण झाली की शेवटची तांत फ्रेमच्या गळ्याशी गाठ मारून बंद करतात. बापाची गाठ उजवीकडे वळायची, तिची डावीकडे. बापानं शिकवलं होतं की गाठ लपवायची नाही, दिसेल अशीच मारायची. गाठ लपवतो तो कारागीर कामात काहीतरी लपवतो. तेव्हा तिची गाठ राजरोस उलटी बसायची. कुणाचं लक्ष गेलं नाही. रॅकेटचा गळा बघणारा त्या क्लबात बापाशिवाय कुणी नव्हता.

तिसऱ्या वर्षी पुन्हा त्याच दोघी फायनलला. सामना तीनला. सकाळी नऊला बगळी चार पायऱ्या उतरून खोलीत आली, दारात डोकं आपटलं, हसली. सेमीफायनलला तिच्या दोन रॅकेटींची तांत तुटली होती आणि तिसरीवर तिचा भरवसा नव्हता. बाप खुर्चीत बसला होता, अंगठा गरम पाण्यात. डावरी फ्रेम बघत उभी.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुणी काय केलं असतं? डावरीनं बगळीला विचारलं, ताई, किती ताण हवा? बगळी म्हणाली, तुझ्या रॅकेटला असतो तेवढा. डावरी बसली आणि दीड तासात रॅकेट तयार केली. जितकी मन लावून स्वतःची केली असती तितकी. शेवटी गाठ मारली, डावीकडे, दिसेल अशी. बगळीनं तळहातावर आपटून आवाज ऐकला, मान हलवली आणि गेली. दार बंद झाल्यावर बाप म्हणाला, जरा ढिली ठेवली असतीस तरी देवानं माफ केलं असतं. डावरी म्हणाली, देवानं केलं असतं, तुम्ही केलं असतं का? बाप हसला आणि अंगठा परत पाण्यात घातला.

त्या दिवशी डावरीनं वर बघितलंच नाही. गुडघ्याच्या वर जग नाही असं समजून खेळली. पहिला सेट गेला. दुसऱ्यात तिला बगळीचा डावा बूट दिसायला लागला. बॅकहँड मारायच्या आधी त्याचं टोक बोटभर बाहेर वळायचं. बोटभरच, पण लहानपणापासून खोक्यावर उभं राहून तिनं दुसरं केलं काय होतं? बूट वळला की ती निघायची, चेंडू यायच्या आत पोचलेली असायची. बगळीनं त्या नव्या तांतीवर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टेनिस खेळलं. डावरी त्याच्याही पुढे होती. तिसरा सेट आठ-सहा. शेवटचा चेंडू रेषेला लागून धूळ उडाली आणि खालच्या खिडकीतून कुणीतरी लाकडावर हातोडी ठोकल्याचा आवाज आला. बापाला टाळ्या वाजवता येत नव्हत्या, अंगठ्यामुळे.

नेटपाशी बगळीनं हात पुढे केला. घामानं थबथबलेली, खरंच खूश होऊन म्हणाली, "तांत मस्त ओढली होतीस गं."

अंपायरच्या खुर्चीशेजारी सेक्रेटरी कप घेऊन उभे होते. ते ऐकत होते.

विजेतीला बोटीनं चार महिने परदेशी स्पर्धांना पाठवायचं असायचं. ती जागा अध्यक्षांच्या मनात भाचीसाठी कधीचीच ठरली होती, कपडेसुद्धा शिवून झाले होते. तेव्हा बगळीचं ते एक वाक्य सेक्रेटरींना आयतं घबाड मिळाल्यासारखं झालं. नियम असा होता की खेळाशी संबंधित कामावर जो पोट भरतो तो हौशी नव्हे, व्यावसायिक. आणि व्यावसायिकाला स्पर्धेत जागा नाही. वाह रे नियम. बुटात पाकीट घेऊन खेळणारा हौशी, आणि बापाचा अंगठा दुखतो म्हणून तांत ओढणारी व्यावसायिक.

आठ दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या कमिटीच्या खोलीत बोलावणं आलं. बापानं लग्नातला कोट घातला. खोलीत गालिचा होता, त्यावर चालताना पाय वाजत नव्हते, त्यानंच डावरीला कसंतरी झालं. लांब टेबल, पलीकडे सहा माणसं. मध्ये हिरव्या कापडावर बगळीची रॅकेट ठेवलेली, पोलिसांनी सुरा ठेवावा तशी. ही रॅकेट कुणी विणली, एवढंच विचारायचंय, असं सेक्रेटरी म्हणाले. विचारलं बापाला.

"मी विणली," बाप म्हणाला. "गाठ माझीच आहे."

डावरीनं त्याला उभ्या जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. सेक्रेटरींनी त्याच्या हातची एक जुनी रॅकेट कपाटातून काढून शेजारी ठेवली. दोन गाठी शेजारी शेजारी. आंधळ्यालाही कळावं. मग त्यांनी एक रिकामी फ्रेम आणि वीतभर तांत बापापुढे सरकवली आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, मग मारून दाखवा की अशी एक.

बापानं तांत घेतली. पहिली गाठ उजवीकडे गेली. त्यानं सोडली. दुसऱ्यांदा मुद्दाम डावीकडे वळवायला गेला, पण चाळीस वर्षांचा हात, तो ऐकतोय होय? पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा अंगठा तांतीवरून सटकला. कपाळावर घाम. कुणी थांबा म्हणालं नाही. एकजण खिशातलं घड्याळ बघत होता. सहा शिकलेली, मोठ्या घरची माणसं, आणि एका म्हाताऱ्याची फजिती बघायला त्यांना वेळच वेळ होता. बापानं चौथ्यांदा तांत उचलली.

डावरी उठली. बापाच्या हातातून तिनं तांत काढून घेतली, हळूच, लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात तशी. फ्रेम उभी धरली आणि गाठ मारली. एका दमात. डावीकडे, दिसेल अशी. फ्रेम टेबलावर ठेवली.

"माझी आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. तुम्हा सहांपैकी चौघांच्या रॅकेटी मीच केल्यात. घरी जाऊन गळा बघा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तिला त्या क्षणी बोर्ड दिसतच नव्हता, बापाचं कपाळ दिसत होतं. मग तिनं आणखी एक गोष्ट केली. खिडकीतून दिसलेलं तिनं पहिल्यांदाच खिडकीबाहेर काढलं. तिनं विचारलं की काम करून पोट भरणारा हौशी नसेल, तर बोळातल्या मांडणीवरच्या बुटात जी पाकिटं जातात ती घेणारा कोण, आणि देणारा कोण?

चेहरे सगळे शांत, मुरलेले. पण डावरी चेहरे बघतच नव्हती. टेबलाखाली बघत होती. सहाच्या सहा जणांचे पाय खुर्चीखाली मागे गेले. सगळ्यांत आधी तपकिरी बूट.

"पुरावा आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

पुरावा कुठून असणार? पाकिटाला गाठ नसते. प्रामाणिक कामाचीच तेवढी खूण मागे राहते.

निकाल तीन ओळींचा आला. विजेतेपद रद्द, आयुष्यभर स्पर्धांना बंदी. दुसऱ्या ओळीत ‘खेळाचं पावित्र्य’ असा शब्द होता. विजेतेपद बगळीला देऊ केलं, तर तिनं घेतलं नाही. मी हरले होते, एवढंच मामांना म्हणाली. बोट मात्र तिनं सोडली नाही. माणूस अर्धंच खरं वागतो पुष्कळदा.

आणि पुढच्या सोमवारी? सोमवारी सकाळी खोलीच्या दारात अकरा रॅकेटी. शिपाई सांगून गेला की सेक्रेटरीसाहेब म्हणालेत, आता तू व्यावसायिकच आहेस, तर बिनधास्त कर. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, निदान चोर पळून तरी जातो. ही माणसं परत तिच्याच दारात रॅकेटी टाकून गेली. आई म्हणाली, फेकून दे त्यांच्या तोंडावर. बाप मात्र त्या दिवसापासून मान आणखी एक बोट खाली घालून चालायला लागला. डावरीनं खोक्यावर बसून पहिली रॅकेट मांडीवर घेतली. घर चालायला हवं होतं. पण तिनं ठरवून टाकलं की यापुढे या क्लबातली एकही रॅकेट दुसऱ्या गाठीनं बंद होणार नाही. त्यानंतर बोर्डावर जितकी नावं सोनेरी झाली, तितक्यांच्या हातात तिची गाठ होती.

ती भिंतीवर खेळायची. कोर्टावर पाऊल टाकायची नाही. चोविसाव्या वर्षी, हाताला खरी धार आलेली असताना, भिंतीवर. भिंतीला पाय नसतात, त्यामुळे मजा येत नाही, असं ती बापाला सांगायची.

वीस वर्षांनी एके दिवशी पेपरात आलं की हौशी आणि व्यावसायिक हा भेद काढून टाकला. सगळ्यांनी खेळा, सगळ्यांनी उघड पैसे घ्या. जाहीर कुणी केलं? त्याच सेक्रेटरींनी, आता अध्यक्ष झाले होते. काळाबरोबर बदलायला हवं, म्हणाले. पावित्र्य कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही. बाप अंथरुणाला खिळला होता. बातमी ऐकून तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर त्यानं विचारलं, मग आता लिहितील का गं तुझं नाव? ती म्हणाली, लिहितील की, रंगाऱ्याला वेळ मिळाला की. सहा महिन्यांनी बाप गेला. रंगाऱ्याला वेळ मिळाला नाही.

क्लबाला पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा डावरी एक्कावन्न वर्षांची होती. खोली तीच, खिडक्या त्याच, केस पांढरे. समारंभाच्या पंधरा दिवस आधी बगळी चार पायऱ्या उतरून आली. यावेळी डोकं आपटलं नाही, कारण तीही आता वाकून चालायची. ती क्लबाची उपाध्यक्ष होती. स्टुलावर बसली आणि पर्समधून एक कागद काढला. पाहुणे येणार, फोटो निघणार, बोर्डावर ती रेघ बरी दिसत नाही, असं कमिटीत ठरलं होतं. नाव लिहायचं. फक्त डावरीनं अर्ज द्यायला हवा. अर्ज टाइप करून आणलाच होता. खाली सहीला जागा होती.

डावरीनं चष्मा लावला आणि वाचलं. ‘मी अजाणतेपणी हौशी खेळाच्या नियमांचा भंग केला, याचा मला खेद आहे. तरी कृपा करून माझे विजेतेपद परत द्यावे, ही नम्र विनंती.’

तिनं दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर तिचा हात पेनाकडे गेला. सत्तावीस वर्षं तिनं ते नाव डोळ्यांसमोर लिहून पाहिलं होतं, त्याच्या वेलांट्या कुठे येतील तेसुद्धा तिला पाठ होतं. बाप असता तर ओली अक्षरं बघायला गेला असता. आणि कोण वाचतंय तो कागद? फायलीत जाईल, वाळवी खाईल. बगळी नेमकं तेच म्हणाली. अगं, सही कर आणि मोकळी हो, कोण बघतंय.

"अजाणतेपणी कुठं?" डावरी म्हणाली. "मला चांगलं माहीत होतं मी काय करतेय. तुझी रॅकेट करत होते."

जन्मात पहिल्यांदा तिनं बगळीला तुझी म्हटलं होतं. दोघींच्याही ते लक्षात आलं.

"मला माहीत आहे," बगळी म्हणाली. "ते वाक्य मी बोलायला नको होतं. रोज आठवतं मला ते."

"वाक्य खरंच होतं. मस्तच ओढली होती तांत."

डावरीनं खणातून आरी काढली, तांतीसाठी भोक मोकळं करायची ती बारीक आरी. सहीच्या जागी दोन भोकं पाडली. तुटक्या तांतीचा एक तुकडा त्यातून ओवला आणि गाठ मारली. डावीकडे, दिसेल अशी. कागद बगळीच्या हातात दिला.

"कमिटीला दे. ही गाठ त्यांनी एकदा ओळखली होती, सहाच्या सहा जणांनी. आता पुन्हा ओळखायची. खेद वगैरे मी लिहून देणार नाही. बाबांनी चार वेळा तांत उचलली होती त्या खोलीत, त्याचा खेद कुणी लिहून दिलाय?"

बगळी कागदाकडे बघत राहिली. डावरी बगळीच्या पायांकडे. ते स्टुलाखाली मागे गेले नाहीत. दोन्ही बूट होते तिथेच, घट्ट, पुढे.

कमिटीनं अर्ज नामंजूर केला. सही नियमात बसत नाही म्हणे.

समारंभाच्या दिवशी कोर्टावर मांडव होता. प्रदर्शनी सामना होता, म्हणून डावरी खाली कामावर होती. खिडकीतून पहिल्या रांगेतले बूट दिसत होते, नवे, पॉलिश केलेले, काही तपकिरी. माइकवर बगळीचं नाव पुकारलं, पाच वेळा अजिंक्यपद जिंकलेल्या, वगैरे. टाळ्या. तिचे लांब पाय हळूहळू एक एक उचलत स्टेजच्या पायऱ्या चढले. तिनं दोन-चार नेहमीची वाक्यं म्हटली. मग थांबली, आणि म्हणाली की हॉलमधल्या बोर्डावर एका वर्षापुढे रेघ आहे, त्या वर्षी काय झालं होतं ते सांगते. त्या वर्षी मी हरले होते. जिनं हरवलं तिनंच सकाळी माझी रॅकेट विणून दिली होती, म्हणून या क्लबानं तिला हाकललं. मग तिनं डावरीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, माइकवर.

खाली खोलीत डावरी हातातली तांत धरून बसली होती. वर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतले बूट एकेक करून खुर्च्यांखाली मागे सरकायला लागले. मागच्या रांगांत कुठूनतरी एक टाळी पडली, मग आणखी दोन-तीन.

बोर्डावर अजून रेघच आहे. डावरीनं तांत एकदा पुन्हा खेचली, आवाज ऐकला, आणि गळ्याशी गाठ मारायला घेतली.